रुग्णसुरक्षेची सवय वॉर्डात रुजवताना : लहान व मध्यम रुग्णालयांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बहुतेक रुग्णालयांत रुग्णसुरक्षेचे काम चुकीच्या टोकाकडून सुरू होते. मूल्यांकनाचे पथक येणार असे कळले की भिंतींवर फलक लागतात, नवे फॉर्म छापून येतात आणि सगळ्या सिस्टरना एका दुपारी सभागृहात बसवून दोन तासांचे प्रशिक्षण उरकले जाते. पथक परत गेल्यावर काही महिन्यांतच नोंदवही एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, ड्युटी संपताना एकदम भरली जाऊ लागते. कर्मचारी बेफिकीर असतात म्हणून असे होते, हे मला पटत नाही. वॉर्डात प्रत्यक्ष काय चालते हे पाहण्याआधी नियम लिहिला जातो आणि चूक सांगण्याची सोय होण्याआधी चूक शोधणे सुरू होते, हे त्याचे खरे कारण आहे.

पुढील क्रम ५० ते १०० खाटांच्या अशा रुग्णालयासाठी आहे, जिथे स्वतंत्र गुणवत्ता विभाग नाही, बरेचसे कन्सल्टंट (तज्ज्ञ डॉक्टर) व्हिजिटिंग आहेत आणि रात्री एक आरएमओ (निवासी डॉक्टर) व दोन-तीन सिस्टर यांच्यावर पूर्ण मजला असतो. टप्प्यांचा क्रम बदलू नये.

पूर्वतयारी

पहिल्या दिवशी संपूर्ण रुग्णालय हाती घेऊ नका. एक वॉर्ड आणि त्यातली एकच प्रक्रिया निवडा. माझा सल्ला असा की औषध देण्याच्या प्रक्रियेपासून सुरुवात करावी, कारण ती प्रत्येक पाळीत अनेकदा घडते आणि तिच्यातली सुधारणा आठवड्याभरात डोळ्यांना दिसते.

पाच जणांचा गट पुरेसा आहे : निर्णय घेऊ शकणारे वैद्यकीय संचालक किंवा मालक-डॉक्टर, मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख), फार्मासिस्ट, एक आरएमओ आणि नियमित नाईट करणारी एक स्टाफ नर्स. शेवटचे नाव बहुतेक ठिकाणी गटात नसतेच. मग दिवसा बसून ठरवलेली पद्धत रात्री अकरा वाजता फार्मसी बंद झाल्यावर कशी चालणार, हा प्रश्न विचारणारेच कोणी उरत नाही. या सिस्टरचा या कामासाठीचा आठवड्याचा एक तास ड्युटी चार्टवर लिहून द्या. ड्युटी संपल्यावर थांबून करायचे काम दोन आठवड्यांच्या पुढे टिकत नाही.

यानंतर संचालकांनी स्वतःच्या सहीचे अर्ध्या पानाचे पत्र काढावे. स्वतःहून सांगितलेल्या चुकीबद्दल पगार कापला जाणार नाही, मेमो दिला जाणार नाही आणि नाव बाहेर जाणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे. अपवादही तिथेच नमूद करावेत : नशेत काम करणे, जाणूनबुजून इजा करणे आणि घडलेली गोष्ट लपवणे.

इशारा : हे पत्र काढल्यानंतर पहिल्याच नोंदीवर कोणाला बोलणी खावी लागली, तर पुढचे वर्षभर एकही खरी नोंद येणार नाही. संचालकांची तयारी नसेल तर पत्र काढू नका आणि पुढचे टप्पेही सुरू करू नका.

टप्पा १ : दोन आठवडे फक्त पाहा

कागद-पेन घेऊन वॉर्डात उभे राहा आणि औषध देण्याचे किमान ३० प्रसंग पाहा. सकाळ, दुपार आणि रात्र या तिन्ही पाळ्यांतले प्रसंग त्यात असावेत. कोणाचेही नाव लिहू नका, कोणालाही अडवू नका. मात्र रुग्णाला तत्काळ धोका दिसला तर त्या क्षणी थांबवा.

पुढील गोष्टी पाहा. औषध काढताना ड्रग चार्ट समोर होता की आठवणीवर काम चालले होते? सिरिंजवर लेबल होते का? रुग्णाची ओळख कशी पटवली? औषध देण्याआधी चार्टवर सही झाली की दिल्यानंतर? मध्येच फोन, नातेवाईक किंवा राउंडचे बोलावणे यांमुळे सिस्टरला किती वेळा हातचे काम सोडावे लागले?

ओळखीबाबत एक चूक जवळपास सगळीकडे दिसते. “तुम्ही पाटीलकाका ना?” असे विचारले की गुंगीतला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता संकोचणारा माणूस मान हलवतो. त्याच वॉर्डात दुसरे पाटील असणे आपल्याकडे अगदी नेहमीचे आहे. म्हणून रुग्णालाच “तुमचे पूर्ण नाव सांगा” असे म्हणावे आणि ते नाव व मनगटपट्टीवरचा आयपीडी (आंतररुग्ण) क्रमांक चार्टशी ताडून पाहावा. बेड नंबर ही ओळख नव्हे, कारण रुग्णांची खाट बदलत असते.

तपासणी : दोन आठवड्यांच्या शेवटी तुमच्याकडे आकडे हवेत, मते नकोत. “लेबल बहुधा लावतात” हे वाक्य पुरेसे नाही. “३० पैकी ११ सिरिंजवर लेबल होते” अशा स्वरूपाची नोंद हवी. कामात कितीदा व्यत्यय आला हा आकडा सिस्टरच्या चुकांपेक्षा मोठा निघाला तर आश्चर्य मानू नका. तो व्यवस्थापनाने सोडवायचा प्रश्न आहे.

टप्पा २ : चूक सांगण्याची वाट मोकळी करा

फॉर्म अर्ध्या पानाचा, मराठीत आणि चार प्रश्नांचा असावा : काय घडले किंवा घडता घडता राहिले? कुठे आणि केव्हा? ते वेळीच कशामुळे लक्षात आले? पुन्हा घडू नये म्हणून काय बदलावे असे तुम्हाला वाटते? नाव लिहिणे ऐच्छिक ठेवा. ज्या मावशींना किंवा वॉर्डबॉयना लिहिणे जड जाते, त्यांचे बोलणे ऐकून लिहून घेणारी एक व्यक्ती नेमा. ऑक्सिजन सिलिंडर रिकामा होत आल्याचे किंवा बाथरूमच्या दाराशी पाणी साचल्याचे सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

थोडक्यात टळलेली चूक ही घडलेल्या चुकीइतकीच मोलाची नोंद आहे, हे पहिल्या दिवसापासून सांगत राहा. इजा झालेली नसल्याने त्या नोंदीत भीती कमी असते आणि माहिती मात्र तेवढीच असते.

हा टप्पा ज्या ठिकाणी कोसळतो ते ठिकाण उत्तराचे आहे. सिस्टर नोंद लिहिते, ती फाईलमध्ये जाते आणि पुढे काहीच होत नाही. दुसऱ्यांदा ती लिहीत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला तीन दिवसांच्या आत उत्तर द्यावे आणि ते वॉर्डातल्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असे लिहावे : “दोन औषधांची खोकी सारखी दिसतात अशी नोंद आली. आजपासून ती वेगळ्या कप्प्यांत ठेवली आहेत.” एखादी गोष्ट करता येणार नसेल तर तेही कारणासह लिहावे.

औषधामुळे झालेल्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालयापुरती ठेवू नये. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद देता येते. ही जबाबदारी फार्मासिस्टकडे नावानिशी सोपवा.

इशारा : नोंदींची संख्या वाढली म्हणजे रुग्णालय बिघडले असा अर्थ काढू नका. सुरुवातीच्या सहा महिन्यांत ती वाढायलाच हवी. “शून्य घटना” दाखवणाऱ्या वॉर्डाचा सत्कार तर कधीही करू नका.

टप्पा ३ : चूक करणेच अवघड करा

“काळजी घ्या” ही सूचना थकलेल्या माणसाला वाचवत नाही. पहाटे चार वाजता, सोळा रुग्ण एकटीच्या अंगावर असताना, वस्तूंची मांडणीच अशी हवी की चुकीची वस्तू हाताशी येऊ नये. या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्या.

पोटॅशियम क्लोराइडपासून सुरुवात करा. आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलिलिटरच्या १५ टक्के अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. सौम्य न करता ते थेट शिरेत गेले तर हृदय थांबू शकते, आणि काही कंपन्यांचे अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखेच दिसते. हे इंजेक्शन साध्या वॉर्डाच्या ट्रॉलीतून पूर्णपणे काढून घ्या. अतिदक्षता विभागात ते कुलुपाच्या वेगळ्या पेटीत, लाल चिठ्ठीसह ठेवा. रात्री फार्मसी बंद असेल तर पेटीची किल्ली कोणाकडे असेल, ते बाहेर काढताना कोणती दोन माणसे सही करतील आणि सलाईनच्या बाटलीवर कोणते लेबल लागेल, हे आधीच लिहून ठेवा. रात्रीची सोय न करता नुसते काढून घेतले तर एखादी सिस्टर अडचणीला उपयोगी पडावे म्हणून दोन अँप्युल खणात ठेवतेच, आणि मग ते कोणाच्याच हिशेबात राहत नाहीत.

यानंतर इन्सुलिन. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली अशी दोन्ही इन्सुलिन वापरात आहेत व त्यांच्या सिरिंज वेगळ्या आहेत : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी टोपणाची. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात, म्हणजे अडीच पट. उलट अदलाबदल झाली तर १० ऐवजी ४ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही याचा उलगडा कोणालाच होत नाही. एका वॉर्डात एकाच तीव्रतेचे इन्सुलिन आणि त्याच रंगाची सिरिंज ठेवणे हा यावरचा उपाय आहे. रुग्णाने घरून आणलेले पेन किंवा व्हायल असेल तर त्यावर रुग्णाचे नाव आणि तीव्रता ठळक लिहून ते वेगळ्या डब्यात ठेवावे. सिरिंज संपली म्हणून दुसऱ्या रंगाची वापरून मनात गुणाकार करणे, हे मी एका चांगल्या, अनुभवी सिस्टरला करताना पाहिले आहे. तिचे गणित त्या रात्री बरोबर आले. ते रोज बरोबर येईल यावर कोणत्याही रुग्णाचा जीव अवलंबून असू नये.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची ५ मिलिलिटरची व्हायल प्रति मिलिलिटर १००० युनिट आणि ५००० युनिट अशा दोन तीव्रतांत येते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर पाचपट चुकीला आमंत्रण मिळते. शक्य असेल तर रुग्णालयाने एकच तीव्रता खरेदी करावी. हा निर्णय स्टोअरमध्ये घ्यायचा असतो, वॉर्डात नव्हे. गटात फार्मासिस्ट हवा तो यासाठी.

ओटीत (शस्त्रक्रियागृहात) रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडकडे विशेष लक्ष द्या. कण्यात द्यायच्या भुलीच्या औषधाऐवजी हे इंजेक्शन चुकून कण्यात दिले जाण्याच्या धोक्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये इशारा दिला होता. कण्यात गेल्यास झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. भुलीच्या ट्रेमध्ये किंवा त्या ट्रॉलीवर ते ठेवूच नये. ते दुसऱ्या खणात असावे आणि मागितल्यावरच हातात यावे.

या सर्व औषधांसाठी दोघांची तपासणी लागते, आणि ती कशी करायची हे बऱ्याच ठिकाणी चुकते. पहिल्या सिस्टरने “दहा युनिट आहेत ना, बघ” म्हणून सिरिंज दाखवणे आणि दुसरीने दुरूनच हो म्हणणे, याला तपासणी म्हणत नाहीत. दुसऱ्या व्यक्तीने पहिलीचे उत्तर न ऐकता चार्ट वाचावा, स्वतः हिशेब करावा आणि मगच दोघींची उत्तरे जुळवावीत. प्रत्येक औषधासाठी हे करायला लावू नका, नाहीतर खरी तपासणी कुठेच होणार नाही. चार-पाच धोकादायक औषधांपुरती ती ठेवा.

लिहिण्याचे व बोलण्याचे नियमही याच टप्प्यात ठरवा. मात्रा लिहिताना दशांशचिन्हाआधी शून्य लिहावे (.५ नव्हे, ०.५) आणि पूर्णांकानंतर दशांशचिन्ह व शून्य लिहू नये (५.० नव्हे, ५). “युनिट” हा शब्द पूर्ण लिहावा, कारण इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि ४ युनिटचे ४० होतात. रात्री कन्सल्टंट फोनवर सांगतात तेव्हा “फिफ्टीन” आणि “फिफ्टी” यांतला फरक हरवतो. म्हणून ऐकलेले लिहावे, लिहिलेले वाचून दाखवावे, आकडा “एक-पाच” असा सुटा उच्चारावा आणि “बरोबर” असा शब्द ऐकल्याशिवाय फोन ठेवू नये.

तपासणी : आठवड्यातून एकदा, वेळ न सांगता, वॉर्डातले सर्व खण, फ्रिज आणि क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची ट्रॉली) उघडून पाहा. सापडलेले पोटॅशियमचे अँप्युल हे सिस्टरचा गुन्हा म्हणून पाहू नका. ते तिला का ठेवावेसे वाटले हे विचारा. बहुधा तुमच्याच व्यवस्थेत एक भोक सापडेल.

टप्पा ४ : हँडओव्हर खाटेपाशी, आणि सकाळची दहा मिनिटे

पाळी बदलताना काउंटरवर बसून वही वाचून दाखवण्याची पद्धत बंद करा. दोन्ही सिस्टरनी खाटेपाशी जावे, सलाईनची बाटली, कॅन्युलाची जागा, कॅथेटर आणि ड्रेन स्वतः पाहावेत आणि चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगाव्यात : रुग्ण आत्ता कसा आहे, तो कशासाठी दाखल आहे, मला कशाची काळजी वाटते, पुढच्या पाळीत काय करायचे राहिले आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच वहीत नसते. एचआयव्हीसारखी खासगी माहिती मात्र खाटेपाशी, इतरांच्या देखत मोठ्याने बोलू नये.

सकाळी ठरलेल्या वेळी मेट्रन, आरएमओ, फार्मासिस्ट, बायोमेडिकल (वैद्यकीय उपकरणे) आणि देखभालीचे प्रतिनिधी यांनी उभ्यानेच दहा मिनिटे भेटावे. काल काय चुकले, आज कशाचा धोका आहे, कोण कधीपर्यंत काय करणार, एवढेच बोलावे. ऑक्सिजनचा दाब, राखीव सिलिंडर, जनरेटर, वातानुकूलन यंत्रांची स्थिती आणि आणीबाणीच्या दारांची कुलुपे यांची नोंद रोज तोंडी व्हावी. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात लागलेल्या आगीत १० बालके दगावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि २० हून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. वायरिंग आणि पाइपलाइन हे रुग्णसुरक्षेचे विषय नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन नावे विसरू नयेत.

टप्पा ५ : ओटीची चेकलिस्ट मोठ्याने वाचा

जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया चेकलिस्ट २००८ पासून उपलब्ध आहे. नवी दिल्लीतील एका रुग्णालयासह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात मात्र ती सर्वत्र लागू झाल्यावर १०१ रुग्णालयांत लक्षणीय फरक दिसला नाही, असा अभ्यास २०१४ मध्ये आला. कागद सारखाच असताना फळ वेगळे का, याची चर्चा अजून चालते. माझ्या मते फरक कागद कसा वापरला जातो यात आहे, आणि आपल्या ओटींत तो स्पष्ट दिसतो : रुग्ण बाहेर गेल्यावर सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून सही होते.

तीन थांबे ठरवा : भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण ओटीतून बाहेर जाण्यापूर्वी. प्रत्येक थांब्यावर सर्वांचे हात थांबलेले असावेत आणि सर्क्युलेटिंग (ओटीत वस्तू पुरवणाऱ्या) सिस्टरने मुद्दे मोठ्याने वाचावेत. दुसऱ्या थांब्यावर सर्जननी रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि डावी-उजवी बाजू स्वतःच्या तोंडाने सांगावी. छेदापूर्वीच्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले गेले का, हे भूलतज्ज्ञांनी सांगावे. मॉप (रक्त टिपण्याची कापडे) आणि उपकरणांची मोजणी दोघांनी, ऐकू येईल अशी करावी.

इशारा : सुरुवात रुग्णालयातल्या सर्वांत ज्येष्ठ सर्जनपासून करा. ते थांबले तर बाकीचे थांबतात; ते न थांबता कनिष्ठांना सक्ती केली तर महिन्याभरात कोणीच थांबत नाही.

टप्पा ६ : “सर, एक मिनिट” म्हणण्याचा सराव

आपल्याकडे सिस्टरला चूक दिसत नाही असे फार क्वचित घडते. दिसते, पण सरांना कसे म्हणायचे हे सुचत नाही, आणि सुचेपर्यंत वेळ निघून जाते. म्हणून वाक्य आधीच ठरवून द्या : “सर, एक मिनिट थांबू या, मला हे पुन्हा तपासायचे आहे.” हे वाक्य आदराचेही आहे आणि ठामही. ते कानी पडताच, कोणीही म्हटले असले तरी, हात थांबलेच पाहिजेत असा नियम करा. मग त्याचा सराव घ्या. कन्सल्टंटनी मुद्दाम चुकीची बाजू सांगावी आणि नवीन सिस्टरने थांबवावे. थांबवल्यावर कन्सल्टंटनी “बरे झाले सांगितलेत” असे म्हणावे. पहिल्या दोन वेळा हे कृत्रिम वाटेल, तरी सोडू नका.

एकदा म्हटल्यावर ऐकले गेले नाही तर सिस्टरने मेट्रनना किंवा संचालकांना थेट फोन करावा, आणि तो नंबर वॉर्डात लावलेला असावा. सिस्टरची शंका चुकीची निघाली तरी तिचे आभारच मानावेत.

टप्पा ७ : मोजणी खाटेपाशी करा

नियम पाळल्याचा नोंदवही तपासून मिळणारा ९८ टक्के आणि वॉर्डात उभे राहून मिळणारा ५५ टक्के, यांतला दुसरा आकडा खरा माना. दर महिन्याला टप्पा १ मधली निरीक्षणे त्याच पद्धतीने पुन्हा करा आणि आलेख वॉर्डात लावा. हात स्वच्छ करण्याचे निरीक्षण करताना वेळही पाहा : हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद आणि साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद लागतात.

आकड्याला भाजक हवा. “या महिन्यात दोन संसर्ग” यातून काही कळत नाही. सेंट्रल लाईनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) दर हजार दिवसांमागे किती, हे कळायला हवे. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या अतिदक्षता विभागांत २००३-०४ मध्ये पाच साध्या कृती नेमाने केल्या गेल्या : हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, मांडीतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाईन काढणे. रक्तातील संसर्गाचे मध्यक प्रमाण हजार दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आले आणि ते १८ महिने टिकलेले दिसले. तिथे पायरी चुकल्यास डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना होता. टप्पा ६ आधी घेण्याचे कारण हेच.

टप्पा ८ : माणसे बदलली तरी सवय राहावी

नर्सिंगची कर्मचारी मंडळी सरकारी भरतीसाठी, परदेशासाठी किंवा लग्नानंतर जातात. त्यामुळे वर्षापूर्वी शिकवलेल्यांपैकी अर्धेजण आज नसतील असे धरूनच योजना करा. नवीन सिस्टरला पहिल्या सात दिवसांत धोकादायक औषधे एकटीने देऊ देऊ नका. तिच्यासोबत नेमलेली जोडीदार त्याच वॉर्डातली असावी आणि दोघींना एकच ड्युटी मिळावी. सातव्या दिवशी लेखी परीक्षा नको. तिने खाटेपाशी ओळख पटवणे, इन्सुलिन भरणे, फोनवरचा आदेश परत वाचणे आणि “सर, एक मिनिट” म्हणणे, हे प्रत्यक्ष करून दाखवावे. एजन्सीकडून एका रात्रीपुरत्या येणाऱ्या ब्रदर किंवा सिस्टरसाठी यातलाच दहा मिनिटांचा भाग ड्युटीच्या सुरुवातीला घ्यावा.

दुसऱ्या वॉर्डाकडे कधी जायचे? पहिल्या वॉर्डातला आकडा सलग तीन महिने टिकला असेल, त्या काळात किमान एक इन्चार्ज सिस्टर बदलली असेल किंवा महिनाभर रजेवर गेली असेल आणि तरीही निरीक्षणात फरक पडला नसेल, तर पुढे जा. ती रजेवर जाताच आकडा घसरला, तर सवय अजून तिच्या एकटीच्या अंगावर आहे. त्याच वॉर्डात थांबून टप्पा ३ पुन्हा तपासा.